कमळाकाकीचा पुढचा दात

मिरकरवाडा बंदरात कमळाकाकीला फसवणारा माणूस अजून जन्मायचाय. सुरमईचा कल्ला उचलून आत बोट घातल्याशिवाय ती लिलावात तोंड उघडत नाही. तरुणपणी एकाने वरती ताजी ठेवून खाली शिळी मासळी तिच्या गळ्यात मारली, तेव्हापासूनची ही नजर. जेट्टीवरच्या पाण्यासाठी मी मोर्चा काढला तेव्हा ती आली, पण कशाला? "तुला यात काय मिळतं ता बगूक." मी भडकलो होतो. पण संशय घेणारी माणसं मला मनातून आवडतात. मी आठवीत शाळा सोडली. पुढचं जे शिकलो, ते कुणाच्या शब्दावर न जाता.

गेल्या थंडीत सकाळी बोटीवरून क्रेट उतरवताना एक निसटला आणि त्याची कड काकीच्या तोंडावर बसली. पुढचा दात मुळासकट जेट्टीवर पडला. रडणं-बिडणं नाही. तिने दात उचलला आणि सरळ बर्फाच्या पेटीत टाकला. आमच्याकडे टिकवायची वस्तू बर्फातच जाते. शेजारची सखू नारळाचा काथ्या घेऊन तो घासायलाच निघाली होती.

मी एका दातांच्या डॉक्टरला फोन लावला. तो आरामात म्हणाला, "रक्त थांबलं की या. तो दात काही कामाचा नाही, नवीन बसवू."

"ऐकलंस?" काकी पदराने तोंड दाबून बोलली. "जुना फेका, नवा घ्या. माल खपवतोय मेला!"

मलाही तोच वास आला. म्हणून दुसरा फोन दातांच्याच नेत्रा डॉक्टरणीला. तिचा पहिलाच प्रश्न, "दात कुठे आहे?"

"बर्फात."

"काढा आधी! मूळ धरू नका, घासू नका. वरून पांढरा भाग धरा. दुधात ठेवा आणि पळत या. उशीर झाला तर मुळावरची जिवंत त्वचा मरते."

टपरीवरून मी दूध आणलं, तर काकीने माझा हातच धरला. सकाळी तिने भाकरीबरोबर बांगडा खाल्ला होता.

"मासळीच्या तोंडात दुधातला दात? कोड फुटवतोस माज्या अंगावर?"

"काकी, दात दुधात ठेवायचा आहे, दूध प्यायचं नाही!"

"तू डॉक्टर हायस?"

मी तिला दोन शिव्या घातल्या, तिने मला चार. तेवढ्यात फोनमधून नेत्रा ओरडली, "भांडू नका! दूध नको तर त्यांचीच थुंकी वाटीत घ्या. तीही चालते."

काकी थांबली. विचार केला. मग वाटीत थुंकली आणि बर्फातून काढलेला दात तिच्यात सोडला.

"माजी थुकी म्हंजे माजी. तिच्यात पाणी कोण घालणार नाय."

रिक्षात वाटी तिने स्वतःच्याच हातात धरली. माझ्या हातात दिली नाही.

दवाखान्यात नेत्राने दात सलाइनने धुतला. तिने चिमटा उचलताच काकीने तिचं मनगट पकडलं. "आरसा दे. बदललास तर?" दाताच्या कोपऱ्यावर मशेरीचा डाग होता. तो ओळखूनच तिने हात सोडला. नेत्राने दात खोबणीत हळूच दाबला, शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला, धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं.

"टिकेल?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. बर्फात होता. आतली नस तर जाणारच, आठवड्याभरात रूट कॅनाल करावं लागेल. काही वर्षांनी मूळ झिजूही शकतं."

मी वैतागलो. मग एवढी धावपळ कशासाठी? पण काकी पहिल्यांदा सैल झाली.

"ही खरी," ती तारेतून पुटपुटली. "ताजी हाय, ताजी हाय म्हणून शपथ घेणाऱ्याची मासळी मी कदी घेतली नाय."

नंतर मी त्या पहिल्या डॉक्टरकडे भांडायला गेलो. तो म्हणाला, "पडलेला दात परत बसतो, हे कॉलेजात वाचलं होतं हो. पण इतक्या वर्षांत दात घेऊन वेळेत कुणी आलंच नाही." मी विचारलं, "घेऊन या म्हणून कुणाला सांगितलंत कधी?" त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

तार निघाली तेव्हा दात जागेवर होता. आजही आहे. काकी पुन्हा लिलावात ओरडते. फक्त रोज बोली लावण्याआधी ती जिभेने तो दात ढकलून बघते, मग सुरमईचा कल्ला उचलते.

आणि बांगडा दुसऱ्या बाजूने चावते.