डावीकडे काहीच नाही

विनायकभाऊ गेल्याचं कळलं ते ग्रुपवर. सकाळी कुणीतरी धाम नदीच्या पात्रावरच्या धुक्याचा फोटो टाकला होता, आणि आम्ही नेहमीसारखे भाऊ काय म्हणतात याची वाट पाहत होतो. त्यांच्या नंबरावरून मेसेज आला. उघडला तर वहिनींनी लिहिलेलं, ‘हे पहाटे गेले.’ ज्यानं धुकं टाकलं होतं त्यानं घाईघाईनं फोटो काढून टाकला. मला संतापच आला. राहू द्यायचा होता की! पण कुणावर ओरडणार... मोबाइल पालथा ठेवला आणि रडत बसले.

भाऊ भूगोलाचे निवृत्त मास्तर. वर्ध्यात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी आम्ही हौशी फोटोवाले जमायचो. मी कचेरीतली कारकून, एक बँकेतले, दोघी शिक्षिका, आणि आंजीहून येणारा संजय, जो शेती सांभाळून फोटो काढतो. मोबाइलवर फोटो पाहायला भाऊ तयार नसत. प्रिंट आणायची, टेबलावर ठेवायची आणि गप्प बसायचं. चहा निवून जाई तरी भाऊ बोलत नसत. मग पहिला प्रश्न ठरलेला, “काऊन घेतला हा फोटो?” सुंदर दिसत होतं म्हणून, असं कुणी म्हटलं की संपलंच. “सुंदर तं सारंच असते. तुले काय दिसलं थे सांग.” बसस्टँडवर झोपलेल्या म्हाताऱ्याचा फोटो मी मोठ्या तोऱ्यात नेला होता, तर म्हणाले, “त्यानं तुले पाह्यलं का? नाई? मंग तू चोरी करून राह्यली, सुनंदा.” मी तणतणत घरी गेले. पुढच्या रविवारी पुन्हा हजर! कारण फोटोतलं जे एखादं बरं असेल तेही हाच माणूस शोधून काढायचा, आणि ते आपल्यालाही माहीत नसायचं. असं आपलं कोण पाहतं हो?

गेल्या उन्हाळ्यापासून मात्र त्यांचं एकच पालुपद सुरू झालं. “डावीकडे काईच नाई. काप.” नदी असो, बाजार असो, रस्ता असो, डावीकडे काईच नाई. आम्हाला वाटलं, भाऊंची नजर आणखी कडक झाली. जे आहे ते फोटोला काही देत नाही, असा आम्ही अर्थ लावला आणि मुकाट्यानं कापत गेलो. आमचे सगळ्यांचे फोटो अरुंद होत चालले होते आणि आम्हाला त्यात प्रगती दिसत होती. काय म्हणावं आम्हाला!

दसऱ्याच्या सुमारास मी देवळीच्या बाजाराचा फोटो नेला. उजवीकडे भाजीवाल्यांची गर्दी, डावीकडे एकटी बसलेली एक बाई, समोर रिकामी टोपली. भाऊंनी पाहिलं. “डावीकडे काईच नाई.” माझं डोकंच फिरलं. “काहीच नाही? अहो, या बाईसाठी तर फोटो काढला!” असं म्हणत मी प्रिंट ओढून त्यांच्या उजव्या हाताशी सरकवली आणि बाईवर बोट ठेवलं. भाऊ बघतच राहिले. “ही बाई... आतापर्यंत कुठं होती?” कुणी हसलं. भाऊंनी प्रिंट हळूच डावीकडे सरकवली, पुन्हा उजवीकडे आणली. “मले ही दिसलीच नव्हती,” ते म्हणाले.

मेंदूत गाठ होती. डावीकडची नजर दोन्ही डोळ्यांतून गेली होती, आणि ती गेल्याचं त्यांना स्वतःलाच कळलं नव्हतं. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. वहिनी कोलमडल्या, पण भाऊंना वेगळीच तळमळ लागली होती. “म्या कोणाकोणाले कापायले लावलं? सारे जुने फोटो आणा. न कापलेले.” आम्ही नेले. पलंगाशी बसून एकेक प्रिंट त्यांच्यासमोरून सावकाश उजवीकडे सरकवायची, म्हणजे त्यांना ती पूर्ण दिसायची. बँकवाल्यांच्या फोटोत डावीकडे नदीचं वळण होतं. शिक्षिकेच्या फोटोत शाळेचं फाटक. भाऊ प्रत्येकाला म्हणत, “ठेव हे. माह्यं चुकलं.” बोलताना जीभ जड व्हायला लागली होती, तरी एकही फोटो त्यांनी नुसता चाळला नाही.

शेवटी संजय राहिला. त्याचा फोटो नांगरलेल्या वावराचा होता आणि डावीकडे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्याचे वडील उभे होते. भाऊंनी सांगितलं म्हणून उन्हाळ्यात त्यानं प्रिंटचाच तेवढा भाग कात्रीनं कापून टाकला आणि प्रिंट कापलेलीच ठेवली. पुढे मोबाइल बिघडला, मूळ फोटो गेला. पावसाळ्यात वडीलही गेले. त्यांचा वावरातला दुसरा फोटो नाही. हे मला त्यानं भाऊंच्या फाटकाशीच सांगितलं होतं. “मले वाटलं, बाप तं रोजच दिसते, फोटोत नसला तं काय बिघडते?” मला तेव्हा भाऊंचा राग आला, त्या गाठीचा आला, कुणाकुणाचा आला... आणि आत तो माणूस वाट पाहत पडला होता.

“तुह्यं काय होतं रे, संजय, डावीकडे?”

संजय त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसला. त्यांचा हात हातात घेतला. “काईच नव्हतं, भाऊ. निस्तं वावर होतं.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“मंग तुले तरी बराबर सांगतलं म्या,” भाऊ म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. त्यानंतर त्यांनी फोटो मागितले नाहीत.

मागच्या आठवड्यात मी आंजीला संजयकडे गेले होते. त्यानं तो कापलेला फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलाय. नांगरलेलं वावर, लांबवर एक मोहाचं झाड, आणि डाव्या कडेतून आत आलेली माणसाची लांबट सावली. डोक्याला बांधलेलं फडकं त्या सावलीत ओळखू येतं. मी पाहत होते तेवढ्यात संजयची आई कापड घेऊन आली. तिनं काच पुसली, सावलीपाशी जरा जास्त वेळ.

“मास्तरायनं हे एवढे तं ठेवले, बाई,” ती मला म्हणाली. “नाहीतं मी कोणाले पाह्यलं असतं?”