बिलासपूरला गेलेली कादंबरी

कादंबरीच्या प्रकाशनाला नागपूरहून प्राध्यापक पाहुणे आले, माईक आला, हार आले, समोशांचं घमेलं आलं. पुस्तकं तेवढी आली नाहीत. रायपूरच्या तात्यापाऱ्यातला हॉल भरलेला आणि माझे धाकटे दीर स्टेजवर फोन कानाला लावून उभे. नागपूरहून गठ्ठा घेऊन निघालेला त्यांचा मित्र गाडीत झोपला, रायपूर मागे गेलं आणि तो बिलासपूरला जागा झाला. जन्मभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी केलेला माणूस पार्सलवर भरवसा ठेवत नाही, म्हणून दिरांनी गठ्ठा मित्राच्या हाती दिला होता. खालून कोणीतरी ओरडलं, "क्यों लेखक महोदय, किताब अगले जनम में आएगी का?" लोक हसले. दीर स्टेजच्या कडेला येऊन मला म्हणाले, "झालं, वहिनी. आता पुन्हा पेन हाती धरत नाही." तोंड एवढंसं झालं होतं.

अख्ख्या रायपुरात असा माणूस दुसरा नाही, हे मी कोणासमोरही सांगेन. लेखक पुष्कळ असतील, पण ते लिहून गप्प बसत असतील. आमचे भाऊजी लिहिलेलं पान शाई वाळायच्या आत कोणालातरी ऐकवत. तेही असा माणूस गाठून, ज्याला उठून जाता येत नाही. माझा पाय मोडला, प्लास्टर चढलं, तर घरात सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. प्लास्टर उतरेपर्यंत मी अर्धी कादंबरी ऐकली. कूलरवाला शिडी लावून सज्ज्यावर चढला की हे शिडी काढून घेत आणि खाली खुर्ची टाकून वाचायला बसत. त्या बिचाऱ्याला मराठीचं ओ की ठो कळत नसे. "भैया, अब उतरूँ क्या?" तो विचारी. "बस, दो पन्ने और," हे म्हणत आणि पाच पानं वाचत.

लिहायला माल कुठून आणत, तर आमच्याच घरातून. माझे मालक गेले, तेराव्याचं जेवण चाललेलं, आणि हे माझ्याजवळ येऊन हळूच विचारतात, "वहिनी, दादा गेल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं? नीट आठवून सांगा." मी म्हटलं, "एवढे लोक येतील, दूध पुरते का नाही, हे आलं." त्यांनी मान डोलावली आणि ते तसंच कादंबरीत घातलं. नातेवाईक चिडले. मी नाही चिडले. खरं तेच सांगितलं होतं.

त्यांची खरी शाळा भरायची ती उन्हाळ्यात. आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या बाया उडदाचे पापड लाटायला आमच्या अंगणात जमतात. हात तेलाचे, समोर लाट्यांचा ढीग, उठून जाणार कुठे? हे मधोमध पाट टाकून बसत. कादंबरीत सुमन नावाची बाई आहे. वऱ्हाडातून लग्न होऊन ती रायपूरच्या रेल्वे क्वार्टरात येते आणि नवरा सोडून गेल्यावर एकटीनं लेकरू वाढवते. एका सकाळी यांनी सुमनला टायफॉईडनं मारून टाकलं. समोरच्या घरच्या मंगलानं लाटणं खाली ठेवलं.

"भाऊजी, तिले काहून मारलं?"

"कथेची गरज होती."

"तुमची गरज असन. तिचं लेकरू कोण पाहीन? आम्ही नाही लाटत मग."

सगळ्या बाया हात आखडून बसल्या. पीठ सुकायला लागलं. शेवटी मीच ओरडले, "भाऊजी, उठवा तिला, नाही तर माझं पीठ वाया जाते!" दुसऱ्या दिवशी सुमनला नागपूरच्या एका डॉक्टरनं वाचवलं. पापड चांगले झाले.

तर हा असा माणूस त्या दिवशी स्टेजवर मुका झाला. आयुष्यात पहिल्यांदा लोक समोर ऐकायला बसले होते आणि हे नुसते फोन चाचपत उभे. प्राध्यापक माईकवर म्हणाले, "पुस्तक माझ्याही हाती आलेलं नाही. मी कशावर बोलू?" खुर्च्या सरकायला लागल्या. काही जण समोशांकडे निघाले.

मंगला उठली. "काहून उठून राहिले सगळे? बसा! पुस्तक नाही आलं तं का झालं, मले ठाऊक आहे न." आणि पदर खोचून तिनं सुमनला वऱ्हाडातून गाडीत बसवलं. थोडं पुढं गेली तर मागून दुसरी म्हणाली, "ओ बाई, आधी सासू येते, मग क्वार्टर." दोघींचं भांडण लागलं. लोक परत बसले. पंख्याजवळ उभा असलेला कूलरवाला म्हणाला, "दीदी, स्टेशन वाला सीन तो छोड़ ही दिए!" त्याला काय कळलं होतं देव जाणे, पण तो सीन त्यानं स्वतः करून दाखवला, शिट्टीसकट. हॉल हसून लोळला.

मग भाऊजींची पोट्टी उठली. ती बीरगांवला एका कारखान्यात हिशोब पाहते. मराठी कळते, पण बापाला जन्मात कधी मराठीत उत्तर दिलं नाही. ते वाचायला बसले की ही कानात ते फोनचं बोंडुक घालून बसायची. ती म्हणाली, "पापा, बुखार वाला हिस्सा मैं सुनाऊँ?" आणि सुमन तापात लेकराला काय सांगते, ते तिनं सांगितलं. मराठीत. अडखळत, पण एक वाक्य गाळलं नाही. भाऊजींनी माईकचा दांडा घट्ट धरला होता.

ती बसली तेव्हा प्राध्यापकांना राहवेना. "मग पुढे? नवरा परत येतो की नाही?"

अख्खा हॉल ओरडला, "पुस्तक घेऊन वाचा!"

तिथंच लोकांनी नावं नोंदवायला गर्दी केली. अगला जनम विचारणाऱ्यानं सगळ्यांत आधी.

लोक गेल्यावर भाऊजी रिकाम्या खुर्च्यांत बसून गार समोसा खात होते. मी म्हटलं, "आता बोला की काही." ते म्हणाले, "राहू द्या, वहिनी. आज मी ऐकून राहिलो." माझे मालक असते तर त्यांनी आधी भावाची खूप थट्टा केली असती आणि मग बाहेर जाऊन डोळे पुसले असते. आमच्या घरातल्या जुन्या माणसांत आता हे धाकटे दीर आणि मी, एवढेच उरलो आहोत. ते लेखक आहेत, मी ऐकणारी.