मगरीला कणकेच्या गोळ्या

परदेशात, शुगर लँड नावाच्या गावी येऊन मला चार वर्षं झाली. या चार वर्षांत मी जितकी जंगलं, तळी आणि दलदली पाहिली, तितकी सोलापूर जिल्ह्यात जन्मभर पाहिली नव्हती. कारण साधं आहे. बायको हॉस्पिटलात नर्स आणि मी तिच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून आलेला नवरा. बारा-बारा तासांच्या ड्युट्या करून आल्यावर सुटीच्या दिवशी तिला माणसाचं तोंड बघायचं नसतं. तिला पाणी हवं, झाडं हवीत आणि डब्याची पिशवी धरायला मी.

मी नववीत शाळा सोडली. खरं म्हणजे शाळेनं मला सोडलं. हेडमास्तरांनी ऑफिसात उभं करून सांगितलं, "ही वॉर्निंग समज." आठ दिवसांनी हजेरीतून माझं नाव कापलं. तेव्हापासून छापील कागद हातात आला की मी घाबरून तो खिशात कोंबतो, मग तो पिझ्झ्याच्या दुकानाचा का असेना.

पण तळ्यावर माझं बरं चालतं. एकदा गळ्यात दुर्बिणी अडकवलेली मराठी इंजिनिअर मंडळी फोनमधल्या ॲपला विचारत होती, हा पक्षी कोण. मी म्हटलं, "पाणकोंबडी. जांभळी." दोन मिनिटांनी ॲपनंही तेच सांगितलं, इंग्रजीत.

एक काका कौतुकानं म्हणाले, "तुमचं झूलॉजी का हो?"

"नाही काका. म्हशी राखल्यात."

बायको घरात मला 'अरे' म्हणते आणि चार माणसांत 'अहो'. हा तिचा नियम लग्नापासूनचा. हे सगळं प्रकरण घडलं त्या दिवशीही गाडीत ती "अरे, टोपी घेतलीस का?" म्हणाली आणि पार्किंगमध्ये उतरल्यावर "अहो, पाणी राहिलं की!"

ग्रीन कार्डाच्या मुलाखतीला तेव्हा तीन आठवडे उरले होते. इथं यायच्या आधीपासून बायकोनं त्या कागदांसाठी कंबर मोडली होती. माझ्यामुळे तिचं होत आलेलं काम फिसकटलं तर काय, या विचारानं माझं जेवण सुटलं होतं. हे मी फोनवर आईला सांगितलं. आई म्हणाली, "तळ्यातल्या माशांना कणकेच्या गोळ्या घाल. काम होतं." आमच्या गावच्या देवळाच्या कुंडात ती नेहमी घालते. म्हणून मी सकाळी बायको अंघोळीला गेल्यावर कणीक मळली, एकवीस गोळ्या केल्या आणि डब्याच्या खालच्या पुडात लपवल्या.

तळ्याकाठी पाटी होती. मगरीचं चित्र, त्यावर लाल काट. 'फीड' हा शब्द मला वाचता आला. मी नीट विचार केला. मगरीला घालू नका असं लिहिलंय. मी माशांना घालतोय. मग अडचण कुठाय?

बायको पुलावर बगळ्यांचे फोटो काढत होती. मी एक गोळी टाकली, मनात तिचं नाव घेतलं. दुसरी टाकली. चौथ्या गोळीला पाण्यातल्या ओंडक्यानं डोळे उघडले.

ओंडका माझ्याकडं यायला लागला. सावकाश, सरकारी साहेब जेवून परत येतो तसा. मला पळावं हे सुचलंच नाही. मी घाईघाईनं आणखी दोन गोळ्या टाकल्या, लाच दिल्यासारख्या.

"अरे! अरे, तू काय करतोयस तिथं? मागं हो!"

भर पुलावरून, दहा गोऱ्या माणसांसमोर 'अरे'. तेव्हा कळलं की प्रकरण गंभीर आहे.

गणवेशातला एक माणूस धावत आला. त्यानं मला दंडाला धरून मागं ओढलं आणि मग 'सर' म्हणाला. मला जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं. त्यानं नाव विचारलं, लायसन्स पाहिलं आणि शांतपणे एक कागद लिहून हातात दिला. तो पुष्कळ बोलला. त्यातला शेवटचा शब्द तेवढा मला कळला. वॉर्निंग.

गाडीत मी म्हटलं, "आता आठ दिवसांत नाव कापतील."

"कोण कापतील? अरे, इथं वॉर्निंग म्हणजे काही झालं नाही असं!"

"काही झालं नाही, तर लिहून कशाला दिलं?"

तिनं ग्रीन कार्डाचं काम बघणाऱ्या वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, विचारलं तर खरं सांगा, नाहीतर गप्प बसा. गप्प बसायला मी किती तयार होतो! तीन आठवडे आरशासमोर गप्प बसण्याचा सराव केला.

मुलाखतीत समोर जाड चष्म्याची बाई होती. तिनं माझं नाव विचारलं. मी नाव सांगितलं आणि त्याच दमात खिशातून तो कागद काढून टेबलावर ठेवला. बायकोनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

बाईनं वाचलं. परत वाचलं. "तुम्ही मगरीला काय खायला घातलं?"

"मॅडम, फिश. फॉर फिश. फॉर माय वाइफ्स ग्रीन कार्ड."

 मग बाई बायकोकडं वळली. "हे नेहमी असेच असतात?"

"येस," बायको म्हणाली. एवढं झटपट उत्तर तिनं त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याच प्रश्नाला दिलं नाही.

बाईनं चष्मा काढून डोळे पुसले. बाकीचे प्रश्न विचारले, शिक्के मारले आणि सांगितलं की दोघांची कार्डं पोस्टानं येतील. माझा कागद मात्र परत दिला. हा फ्रेम करून लावा, म्हणाली.

बाहेर पार्किंगमध्ये गाड्यांची, माणसांची गर्दी होती. बायकोनं माझी कॉलर धरली आणि ओरडली, "अरे, मूर्खा!" आणि रडली. मीही रडलो. तेव्हापासून 'अहो' जवळपास बंदच झालं.

घरी येऊन आईला फोन केला. काम झालं म्हटल्यावर तिचा आवाज चढला. "बघ! घातल्यास ना गोळ्या? माशांनी खाल्ल्या?"

बायको शेजारी उभी राहून ऐकत होती.

"हो आई," मी म्हटलं. "मासा जरा मोठा होता."