हिरामणचा बर्फ

आमच्या दवाखान्यात मंगळवारी लहान मुलांना लस टोचतात, आणि त्या दिवशी दवाखाना हिरामणच्या ताब्यात असतो. आत टोचायचं काम डॉक्टर प्रज्ञा करतात. पण कोणाचं पोर आधी जाणार, ताप असलेल्या मुलाला डॉक्टरांना आधी वेगळं दाखवायचं, टोचून झाल्यावर अर्धा तास कोणत्याही आईने बाकावरून हलायचं नाही, हे सगळं हिरामण बघतो. दवाखाना एका ट्रस्टचा आहे, दोन खोल्यांचा, थळच्या पुढे बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. हिरामण तिथला शिपाई. वय पन्नाशीच्या पुढचं, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत.

मुलगी दीड महिन्याची झाल्यावर मी तिला पहिल्यांदा तिथे नेलं. सुई दिसायच्या आधीच माझे डोळे भरले. हिरामणने मुलीला वजनाच्या काट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, रडायची पाळी तिची हाय. तुमी नंबर तोडू नका." बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. त्या दिवसापासून मंगळवारची भीती थोडी कमी झाली होती.

त्याचा जन्म पेणकडच्या मिठागरातला. आईबाप दोघंही मीठ ओढायचे. एका वर्षी उधाणाने बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि ते आगर पुन्हा उभं राहिलं नाही. हिरामण इकडे येऊन बोटीवर खलाशी झाला. तिथे त्याच्याकडे बर्फाचं काम आलं. बोट कित्येक दिवस समुद्रात राहते. तळातल्या खणात बर्फ नीट रचला नाही तर सगळं म्हावरं, म्हणजे मासळी, वाया जातं. हिरामण बर्फ फोडून त्यावर मूठभर मीठ पेरायचा. मिठाने बर्फ जास्त थंड होतो हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याच्या बोटीची मासळी बंदरावर लाकडासारखी कडक उतरायची, आणि लिलावात बायका "हिरामणचं हाय का?" असं विचारून बोली लावायच्या. पुढे जाळं ओढायच्या दोरात हात सापडला. बोटं गेली, बोट सुटली. डॉक्टर प्रज्ञांनी त्याला दवाखान्यात घेतलं.

लसींचा फ्रीज पहिल्या दिवसापासून त्याचा. त्यात कोणाला पाण्याची बाटलीसुद्धा ठेवता येत नाही. एकदा ट्रस्टच्या एका साहेबांनी आपला आंब्याचा रस आत ठेवला होता. हिरामणने तो बाहेर काढून उन्हात ठेवला, आणि साहेब रागावले तेव्हा म्हणाला, पोरांच्या खणात मोठ्यांचा माल ठेवत न्हाय.

हे सगळं आधी सांगते, कारण आता गावात त्याचं नाव वेगळ्याच कारणाने घेतलं जातं.

पावसाळा सरता सरता कोळीवाड्यात खोकला सुरू झाला. शाळेतली मुलं खोकता खोकता वाकायची आणि शेवटी श्वास घेताना घशातून लांब आवाज यायचा. डॉक्टर म्हणाल्या, डांग्या खोकला आहे. मोठी मुलं यातून बहुतेक निभावतात, तान्ह्या बाळाचा मात्र श्वासच थांबू शकतो. म्हणून दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी चुकवू नका, असं त्यांनी प्रत्येक आईला बजावलं. माझी मुलगी अडीच महिन्यांची होत आली होती. समोरच्या गल्लीतल्या बायजाचा नातू कान्हाही तेवढाच. बायजा मासळी विकते. तिच्या घरात तिच्या शब्दाशिवाय चूल पेटत नाही.

त्याच आठवड्यात वादळी वारा झाला. झाडं तारांवर पडली, लाइट गेली. डॉक्टर वडिलांच्या ऑपरेशनसाठी मुंबईत होत्या. त्यांनी फोनवरून हिरामणला सगळं समजावलं. लसी फ्रीजमधून काढून लसींच्या डब्यात ठेव. गोठलेल्या बर्फाच्या पिशव्या लगेच आत घालू नकोस, आधी बाहेर ठेव, हलवल्यावर आत पाणी वाजलं की मग घाल. त्याने तसंच केलं. पण दुसऱ्या दिवशीही लाइट आली नाही. पिशव्या कोमट झाल्या आणि मोबाइलचा टॉवर बंद पडला. आत पोरांच्या लसी, बाहेर डांग्या खोकला, आणि विचारायला कोणी नाही. हिरामण बंदरावर गेला. एक लादी बर्फ आणला, फोडला, डब्यात चारी बाजूंनी भरला. आणि वरून मीठ पेरलं.

लाइट आल्यावर त्याने लसी पुसून पुन्हा फ्रीजमध्ये लावल्या. डॉक्टर परतल्या तेव्हा फ्रीजच्या तापमानाचा काटा बरोबर जागेवर होता.

त्या मंगळवारी माझ्या मुलीला टोचलं. कान्हाला तिच्या आधी टोचून बायजा अर्धा तास बसून गेलीसुद्धा. शेवटची मी होते. मुलगी रडून झोपली होती आणि मी बाकावर अर्धा तास भरत होते. आतलं दार उघडं होतं. डॉक्टर हात धुता धुता म्हणाल्या की वादळात तू एकट्याने चांगलं निभावलंस. हिरामणला बरं वाटलं असावं. त्याने बर्फाची सगळी हकिकत सांगितली, मिठासकट.

नळ चालूच राहिला. डॉक्टर वळल्या ते मला दिसलं.

त्यांनी जुन्या साठ्यातली एक कुपी काढली, सकाळीच आलेल्या नव्या साठ्यातली एक काढली. दोन्ही एकत्र जोरात हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मी उठून दारात गेले. मला कोणी थांबवलं नाही. दोन्हीत दुधासारखं पांढरट पाणी होतं. नव्या कुपीतलं तसंच राहिलं. जुन्या कुपीत पांढरे कण हळूहळू खाली बसू लागले आणि वरचं पाणी स्वच्छ होत गेलं.

"म्हावरं गोठलं तर टिकतं ना, मॅडम," हिरामण म्हणाला.

"म्हावरं टिकतं. ही लस गोठली की मरते, हिरामण."

त्या मग माझ्याशी बोलल्या. काही लसी गोठलेल्या चालतात, ही चालत नाही. टोचलेलं विष नाही, टोचल्या जागी फार तर गाठ येईल, पण त्यात ताकद उरलेली नाही. हा डोस धरायचाच नाही, पुन्हा द्यायचा. माझ्या मुलीला तिथेच दुसऱ्या मांडीत नव्या कुपीतून टोचलं. ती झोपेतून किंचाळत उठली. हिरामणने सवयीने कापूस पुढे केला. मी तो घेतला नाही.

बाकीच्यांना डॉक्टर फोन करणार होत्या. हिरामण म्हणाला, बर्फ माझा, मी घरी जाऊन सांगतो. आणि तो गेला. प्रत्येक दारात उभं राहून त्याने आपल्या तोंडाने सांगितलं की लस माझ्या हातून बिघडली, पोराला परत घेऊन या. असं सांगितलं तर लोक ऐकतील, असं त्याला वाटलं होतं. काही आया आल्या. काही सरकारी केंद्रात गेल्या. पण त्याच्या पुढे गोष्ट धावत होती. संध्याकाळी माझ्याच मोबाइलवर निरोप आला की ट्रस्टच्या दवाखान्यात मुलांना सडकी लस दिली, कोणीही जाऊ नका. कोणी लिहिला कळलं नाही. तो पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीच्या, शिकलेल्या बायका होत्या.

बायजा आली नाही. तिचा माझ्याशी घरोबा आहे म्हणून डॉक्टरांनी मला हिरामणबरोबर जायला सांगितलं. माझी मुलगी पुन्हा टोचून धडधाकट आहे हे बायजाने बघावं, म्हणून मी तिला कडेवर घेऊन गेले.

बायजा ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. सून दाराआड कान्हाला पाजत होती. हिरामण ओट्याखालीच थांबला. मी माझ्या मुलीच्या दोन्ही मांड्या दाखवल्या, डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं सांगितलं. बायजाने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघून बोलली.

"तुजा बर्फ माज्या टोपलीला चालल, हिरामण. नातवाला न्हाय."

"बर्फ न्हाय आता. मॅडमनी नवीन आणलंय. मी हातबी लावनार न्हाय."

"पयल्यांदाबी तू असाच सांगितलावतास. एकदम थंड हाय, म्हनं."

मी सुनेकडे पाहिलं. तिने पदर ओढून मूल आणखी आत घेतलं. कुठल्याशा घरात एक मूल खोकत होतं, संपता संपत नव्हतं. बायजाचे हात थांबले नाहीत. आम्ही परत निघालो. वाटेत हिरामण एवढंच म्हणाला की ती उद्या येईल, चिडली की ती एक दिवस घेते.

पुढच्या मंगळवारी बाक जवळजवळ रिकामा होता. हिरामण सकाळपासून दाराशी उभा होता. डॉक्टरांनी त्याच्याकडून फ्रीजची चावी काढून घेतली नव्हती, त्यानेच ती त्यांच्या टेबलावर ठेवली होती. तो रोज बायजाच्या गल्लीत जायचा, ओट्याखाली उभा राहायचा. ती रोज त्याला परत पाठवायची. मग एक दिवस तिने दारच लावून घेतलं.

बायजा आली ती मंगळवारी नाही, शनिवारी, भर दुपारी. अनवाणी. कान्हा तिच्या खांद्यावर होता. मी ताकद वाढायची औषधं घ्यायला दवाखान्यात गेले होते. तिने डॉक्टरांना म्हटलं, टोचा आता, कुठं टोचायचं ते टोचा. तेवढ्यात कान्हाला उबळ आली. तो आवाज करून खोकलासुद्धा नाही. तोंड उघडं राहिलं, चेहरा लाल झाला, मग ओठ निळे पडले. डॉक्टरांनी त्याला कुशीवर वळवलं, पाठ चोळली. श्वास आला. मग त्या म्हणाल्या की आता टोचून उपयोग नाही, याला लगेच अलिबागला न्यायला हवं. हिरामण रिक्षा आणायला आधीच रस्त्यावर पळाला होता.

लस चांगली असती तर कान्हा वाचला असता का, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, तो अजून आहे, असं बोलू नका. मग म्हणाल्या की दोन डोसांनी पुरती ढाल होत नाही, थोडी होते. ती थोडी त्याला मिळाली असती. माझ्या मुलीचंही तेच. तिला थोडीच मिळाली आहे, आणि तिसऱ्या डोसला अजून वेळ आहे. शेजारच्या घरातला खोकला मला आता भिंतीतून ऐकू येतो. खिडक्या लावून घेते, तरी येतो.

आज मी हॉस्पिटलात डबा घेऊन गेले. कान्हाला नळीने ऑक्सिजन लावला आहे. तिथले डॉक्टर कसलीच खात्री देत नाहीत. सून भिंतीला टेकून बसली होती. हिरामण शनिवारपासून घरी गेलेला नाही. बायजा त्याच्याशी एक शब्द बोलत नाही, पण ती तोंड धुवायला उठली तेव्हा तिने नातू सुनेकडे न देता त्याच्या हातात दिला. मी त्याला विचारलं, कसा आहे.

"उबळ आली की निळा पडतो," तो म्हणाला. "मग मी त्याला कुशीवर धरतो, मॅडमनी धरलावता तसा. आतापर्यंत दर वेळेला परत आलाय."

मग कान्हाचं तोंड उघडलं, आणि हिरामणने त्याला वळवलं.