बाभळीच्या धुरातली तंबाखू

तंबाखू वाईट, असं डॉक्टर सांगतात. खरंच आहे. आमच्या मालकांना रोज सकाळी खोकला येतो, तो चिलमीमुळंच. पण वाईट गोष्टीला चव नसते असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण एवढं कळतं.

आमची तंबाखू धुरावरची असते. माघात मी बाजारातून जाड पानं आणते, जुड्या बांधते आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चुलीच्या वर बांबूला टांगते. घरात गॅस आहे, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून याच चुलीवर होतं. जाळायला फक्त वाळलेली बाभूळ. कडुलिंबाचं लाकूड घातलं तर पान कडू होतं. तुराट्यांचा नुसता भडका होतो, धूर टिकत नाही. पाडव्यापर्यंत पानं काळ्या गुळासारखी दिसायला लागतात. मग ती चुरायची. एक वाटी धुराची, अर्धी वाटी साधी. सगळीच धुराची घेतली तर राख चाटल्यासारखं लागतं. वरून गुळाच्या पाण्याचा हबका मारायचा आणि मडक्याचं तोंड बांधून आठ दिवस हात लावायचा नाही.

हे मला सासऱ्यांनी शिकवलं. ते मेंढरं राखायचे. तिन्ही मुलांना त्यांनी पानं हुंगायला लावली, एकाचंही नाक कामाचं निघालं नाही, म्हणून सुनेला बोलावलं. मी रोज ओढत नाही. पण मडकं उघडलं की पहिला झुरका माझा. चव बघितल्याशिवाय आमटी वाढत नाहीत, तसंच ते. त्या झुरक्यात आधी हुरड्याच्या आगटीचा वास येतो. मग जिभेच्या टोकाला गूळ लागतो. आणि धूर सोडला की पावसात भिजून वाळलेल्या घोंगडीचा वास टाळ्याला राहतो, बराच वेळ. ज्याला घोंगडीचा वास सोसत नाही, त्यानं आमच्या चिलमीच्या वाटेला जाऊ नये.

मालक आता ऐंशीच्या पुढं आहेत. दात नाहीत. आमटीत मीठ घातलं की नाही ते त्यांना कळत नाही, चिलमीतलं मात्र सगळं कळतं. दिवसाला सहा चिलमी, दुसरी चैन नाही.

यंदा फाल्गुनात उमरग्याला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी काळा चष्मा लावून घरी आले. शेडजवळ पोचले आणि मला शिंकांवर शिंका आल्या.

"काय भाजलं गं हितं?" मी सुनेला विचारलं.

"काळ्या मसाल्याच्या मिरच्या, आत्या. तुमी यायच्या आत उरकलं. तुमाला ठसका नको म्हणून."

"आन् वर काय टांगलंय?"

तिनं वर बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

वर्षाची तंबाखू त्या बांबूला होती. नऊ जुड्या. मिरचीच्या धुराची खाट पानात शिरली की ओढणाऱ्याचा घसा सोलून निघतो. पानं पुन्हा विकत मिळाली असती, पण धूर विकत मिळत नाही. त्याला दीड महिना लागतो, आणि ऊन तापलं की पान धूर धरत नाही, नुसतं चुरा होतं.

मुलानं लोहाऱ्याहून बाजारची पुडी आणली. मालकांनी चिलीम भरली, दोन झुरके घेतले आणि उलटी करून झटकली.

"ह्यात धूर न्हाय."

"निघतोय की, दादा. हे काय," मुलगा बापाला म्हणाला.

"त्यो तुला दिसतोय. मला लागंना."

मग मी जुड्या खाली काढायला लावल्या आणि सुनेला समोर बसवलं. "प्रत्येक पान बोटानं चुरड आणि जिभेला लाव."

"मला उलटी हुईल, आत्या."

"मिरच्या भाजताना झाली का?"

बसली. तोंड वाकडं करत बसली, पण बसली. पाच जुड्या गेल्याच होत्या. सहावी मी चांगली म्हणून बाजूला ठेवली.

"ह्यात बी हाय," ती म्हणाली.

"न्हाय."

"हाय, आत्या. मागनं लागतंय."

मी पुन्हा चाखली, तिसऱ्यांदा चाखली. तेव्हा कुठं घशाच्या मुळाशी बारीक चुरचुर आली. तिचं खरं होतं. त्या सहा जुड्या पाण्यात भिजवल्या आणि ते पाणी वांग्यांवर मारलं. झाडांवरची मावा कीड गेली.

उरल्या तीन, त्याही कच्च्या. आणि मला दीड महिना धुरात बसायची आणि ओढायची बंदी. तेव्हा चुलीपुढं सून, आणि मी ओट्यावर. तिथूनच वास घ्यायची.

"ओलं लाकूड घातलंस. वास आंबट येतोय."

"आत्या, डॉक्टरनं डोळ्याच्या जागी नाकच नवं बशिवलं काय?"

पण लाकूड तिनं बदललं. तीन आठवडे रोज.

पाडवा झाला, मडक्याचे आठ दिवसही झाले. माझी बंदी सुटायला अजून अवकाश होता. सून चिलमीला तोंड लावणार नव्हती, आणि मी तिला म्हणालेही नाही. चव न बघता मी पहिल्यांदाच कुणाला काही वाढलं.

मालकांनी चिलमीत खडा बसवला, तंबाखू भरली, वर निखारा ठेवला, ओलं फडकं गुंडाळलं आणि ओढली. लगेच खोकला. सुनेच्या हातातलं ताट खाली पडलं.

"ह्यो माझा रोजचा हाय," ते म्हणाले, आणि परत ओढली. हा झुरका लांब होता. डोळे मिटून त्यांनी तो बराच वेळ आत ठेवला.

"दिवसाला दोनच पुरतील," मी सांगून टाकलं.

"दोन तर दोन. बाजारच्या सहा नकोत." मग चिलमीकडं बघत म्हणाले, "ह्यो धूर तुझा न्हाय."

"सुनेचा हाय. वाईट हाय का?"

"वाईट कोण म्हणलं? पुढच्या सालीबी तिलाच बसू दे." आणखी एक झुरका घेतला. "मिरच्या तू भाज."