गाठीला हात लावू नका!

केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये जातात, किस्से मात्र आमच्या कॅज्युअल्टीच्या चहाच्या टेबलावरच साठत राहतात. कल्याणला अकरा वर्षं काढली, त्यातले माझे लाडके किस्से एकाच हाडाचे. कमरेखालचं ते कडं, पेल्व्हिस! ते फुटून उघडलं की रक्त आतल्या आत जातं, बाहेर थेंब नाही. मग कुल्ल्यांभोवती चादर करकचून बांधायची आणि कडं मिटवायचं. साधी चादर हो, पण तिने माणसं वाचलेली मी पाहिलीत!

*

माझा पहिला आठवडा. ट्रकने उडवलेला स्कूटरवाला हसत म्हणाला, "मॅडम, रक्त पण नाही कुठे. घरी जाऊ ना?"

दहा मिनिटांत त्याचं बीपी गडगडलं. मी घाईघाईने चादर बांधली, ती पोटावर! कुंदा सिस्टर ओरडल्या, "मॅडम, परकराची नाडी आहे का ती? खाली घ्या!"

त्यांनी स्वतः बांधली, रक्ताच्या पिशव्या चढल्या, बीपी वर आलं. मी सिस्टरांना मनातल्या मनात हात जोडले.

*

कोपर गावच्या एक आजी बाथरूममध्ये घसरल्या. बारीक क्रॅक, कडं जागेवर. आमचे हाडांचे सर म्हणाले, "आजी, ऑपरेशन नाही. उद्यापासून वॉकर घेऊन चालायचं."

आजींनी त्यांना जवळ बोलावलं. "हे सुनेला सांगू नका हं. आठवडाभर तरी आयता चहा मिळू दे!"

*

मोहने गावचा एक पेंटर तिसऱ्या मजल्यावरच्या परांचीवरून पडला. दोन ऑपरेशनं झाली. शुद्धीवर आल्यावर बायकोला पहिला प्रश्न, "भिंतीला रंगाचा दुसरा हात कोणी मारला?"

सगळेच असे परत येत नाहीत. जे येतात त्यांच्याकडे मी अजून बघत राहते.

*

आणि एका दुपारी खाडीकाठच्या गावातले एक काका आले. मांडवाचं सामान उतरवताना टेम्पो आणि भिंतीमध्ये चेंगरलेले. कुल्ल्यांभोवती लुगडं आवळलेलं, अगदी हवं तिथेच!

सरांनी विचारलं, "कुठल्या हॉस्पिटलात बांधलंत?"

मागून त्यांची बायको म्हणाली, "हास्पिटल कंचा! मीनीच बांधला. आमचे गावान बालंतनीला आसाच बांधतान."

सर आमच्याकडे वळले. "गाठीला कोणीही हात लावू नका!"

तसाच एक्स-रे काढला. फुटलेलं कडं छान मिटलेलं होतं. सर म्हणाले, "मावशी, ही गाठ नसती तर काका इथवर पोचले नसते." तेव्हा कुठे ती बाई खाली बसली आणि रडली.

डिस्चार्जच्या दिवशी काका वॉकर धरून दारात उभे होते. सरांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं, चष्मा माझ्या हातात दिला आणि स्वतः स्ट्रेचरवर आडवे झाले.

"मावशी, मला बांधा. सावकाश, यांना दिसू दे."

मावशींनी नवऱ्याकडे पाहिलं.

"आवल गो," काका म्हणाले, "लाजतंस कशाला!"

मावशींनी पदर खोचला, स्ट्रेचरच्या कडेला गुडघा टेकवला आणि गाठ ओढली.