टोचल्यावर खडा फिरवायचा नसतो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. अक्कलकुव्याच्या बाजारात, माझ्या दुकानात टोचून घेतलेला त्या पावरा आदिवासी मुलीचा कान तिच्या हाताने बिघडला नाही. माझ्या सांगण्याने बिघडला. आणि सांगताना मला माहीत होतं की मी चुकीचं सांगतोय.

धंदा सोनाराचा. वडील सोन्याच्या तारेने कानाची पाळी टोचायचे आणि एकच सांगायचे, हळद-तेल लावा, तार सकाळ-संध्याकाळ फिरवा, म्हणजे चिकटणार नाही. मऊ पाळीला ते कसंबसं निभावून जायचं. ज्यांचं निभावलं नाही ते परत आमच्याकडे येत नसत, म्हणून आम्हाला वाटायचं की सगळ्यांचंच निभावतं.

मग मुलींना कानाच्या वरच्या, कडक भागात खडा हवा झाला. मी टोचायची बंदूक आणली.

त्याच सुमाराला दिवाळीत माझ्या मुलीने सुरतेला वरचा कान टोचून घेतला, सुईने. तिथून एक छापील कागद मिळाला. तो आमच्या फ्रिजवर चिकटला आणि घरात कायदा लागू झाला. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ, दिवसातून दोनदा. हात धुतल्याशिवाय बोट लावायचं नाही. तेल नाही, हळद नाही. खडा फिरवायचा नाही, कारण भरत आलेली जखम दर वेळी नव्याने फाटते. त्या कुशीवर झोपायचं नाही. सूज चढली, ठणका लागला, ताप आला की सरळ डॉक्टर. मीठ-पाणी मी स्वतः करून द्यायचो. माझ्या आईने एकदा तेलाची वाटी आणली तर तिच्यावर खेकसलो. मुलगी म्हणाली, "पप्पा, वरच्या भागाला बंदूक मारतच नाहीत. आतून चिरडतं. तुमची ती ठेवून द्या."

"ठेवतो गं," म्हणालो. ठेवली नाही.

होळीच्या आधीचा बाजार म्हणजे आमची सुगीच. डोंगरातली माणसं चांदी घ्यायला उतरतात, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत ती पावरा मुलगी आईबरोबर आली. होस्टेलवर राहून अकरावीला शिकत होती. आईला मराठी जेमतेम, सगळं बोलणं तिचंच.

"काका, खूप दुखेल?"

"मुंगी चावल्याएवढं."

"कुठली मुंगी? आमच्याकडची लाल चावली तर माणूस नाचतो."

दुकान हसलं. मी बंदूक मारली. ती नाचली नाही. उलट पिशवीतून वही काढली. "आता काळजी काय घ्यायची? सांगा, लिहून घेते."

फ्रिजवरचा कागद ओळीन् ओळ माझ्या डोळ्यांपुढे होता. पण तो सांगायचा तर बंदूक का मारली हेही सांगावं लागलं असतं. मागे चार बायका थांबल्या होत्या. मी वडिलांचं वाक्य म्हटलं, "हळद-तेल लाव. सकाळ-संध्याकाळ फिरवत राहा."

तिने लिहून घेतलं.

सहाव्या दिवशी ती परत आली. कानाचा वरचा भाग वांग्यासारखा सुजून तुकतुकीत झालेला. तेव्हाही डॉक्टरकडे पाठवायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "फिरवला नाहीस नीट, चिकटलाय." आणि माझ्या बोटांनी तो खडा गर्रकन फिरवला. तिने काउंटरची कड घट्ट धरली. "फिरवते काका. रोज दोनदा." मी आणखी तेल लावायला सांगून तिला घरी पाठवलं.

नंतर कानात पू झाला. नंदुरबारला दवाखान्यात नेऊन कान चिरून साफ करावा लागला. आतला कडक भाग सडला होता, वरची कड पिळलेल्या पानासारखी दुमडली ती कायमची.

पट्टी बांधलेल्या मुलीला घेऊन आई दुकानात उभी राहिली. भांडायला नाही. एवढंच म्हणाली, "शेठ, हे काय झालं?" भरल्या दुकानात मी ओरडलो, "हात धूत नाही तुम्ही लोक! शेणामातीची बोटं लावता आणि सोनाराला विचारता!"

मुलीने वही उघडून माझ्यासमोर धरली. "'साबणाने हात धुऊन' हे मी माझ्या मनाने वर लिहिलंय. तुम्ही सांगितलंच नव्हतं."

शेजारचा कापडवाला दारातून मला अहिराणीत म्हणाला, "तू कसाले मनले लाई लेस? त्या लोके हात धोतस का कधी? आते त्या बंदूकनं लायसन काढी ले, भो!" सगळे हसले. मीही हसलो. मायलेकी निघून गेल्या.

त्या हसण्याचा मला आज संताप येतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या चांदीवर आमचं घर चाललं, त्यांच्यासाठी ही 'घाणेरडे हात' नावाची सबब बाजाराने तयारच ठेवलेली असते, काढायची आणि तोंडावर फेकायची. जत्रेतला गोंदणारा तीच सुई दहा जणांना लावतो, पार्लरवाली भुवयांमध्ये सुईने रंग भरते, फोटो काढून घेते आणि म्हणते काही होत नाही. झालंच तर ज्याचं अंग, त्याचा दोष. आम्ही सोनार दागिना गुलाबी कागदात गुंडाळून देतो, कसा पुसायचा, कशात ठेवायचा हेही सांगतो. ज्या जिवंत मांसाला भोक पाडलं, त्याला मात्र वाऱ्यावर सोडतो! माझ्या मुलीच्या कानाला मीठ-पाणी, दुसरीच्या मुलीला वडिलांचं वाक्य. हे अज्ञान नव्हतं. अज्ञान असतं तर मला झोप लागली असती.

बंदूक मी मोडून टाकली. आता पाळी टोचली तरी मीठ-पाण्याचं दोनदा सांगतो, समोरच्याकडून वदवून घेतो. त्याने तिचा कान सरळ होत नाही. मागे एकदा स्टँडवर ती दिसली. भर उन्हात केस मोकळे, त्या बाजूला पुढे ओढलेले. मी पानटपरीच्या आड झालो.

तिच्या गावात अजून हेच बोलतात की पोरीने मळक्या हातांनी कान घालवला. ते माझ्याच दुकानातून वर डोंगरात गेलं. तिच्या घरी जाऊन, तिच्या आईसमोर आणि गावातल्या चार माणसांसमोर मला सांगायचं आहे की मुलीने माझं ऐकून तसंच केलं आणि मी जाणूनबुजून चुकीचं सांगितलं. एवढं माझ्याकडे बाकी आहे. मी अजून गेलेलो नाही.